शौलाचे चिलखत आणि आपली शिडी

(परळी वैजनाथ येथे आपल्या कार्याच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



दरवर्षी या मेळाव्यात मी काय सांगते ते तुम्हाला आता पाठ झाले असेल. किती मुले शाळेत टिकली, किती कुटुंबांना जातीचे दाखले मिळाले, कोणत्या वस्तीवर पाण्याची सोय झाली. तो अहवाल छापून तुमच्या हाती दिलेला आहे. आज मी एका चुकीबद्दल बोलणार आहे. चूक माझी होती आणि पैसे तुमचे होते. म्हणून ती तुमच्यापर्यंत पोहोचली पाहिजे असे मला वाटते.

आधी एक शास्त्रभाग आठवू या. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला सतरावा अध्याय आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. दावीद, गल्याथ, गोफण आणि ओढ्यातले पाच गोटे. पण त्याच अध्यायात एक लहानशी घटना आहे, ती आपण घाईने वाचून पुढे जातो. दावीद लढायला निघतो तेव्हा शौल राजा त्याला स्वतःचे चिलखत देतो, टोप देतो. शौलाच्या मनात वाईट काही नव्हते. पोराला इजा होऊ नये म्हणून त्याने आपल्याजवळचे सर्वात चांगले तेच दिले. दावीदही लगेच नको म्हणत नाही. ते अंगावर चढवतो, तलवार बांधतो आणि चालून पाहतो. चालून पाहिल्यावर त्याला कळते की याची आपल्याला सवय नाही, हे घालून आपल्याला हलता येणार नाही. मग तो सगळे उतरवून ठेवतो.

मी डिप्लोमा करत असताना या अध्यायावर प्रवचन लिहिले होते. त्यात विश्वासाबद्दल पुष्कळ होते. या चार पावलांबद्दल मात्र एक ओळही नव्हती. ती चार पावले दावीद चालला नसता आणि तसाच दरीत उतरला असता, तर काय झाले असते याचा विचार मला नंतर करावा लागला. तो विचार मला उसाच्या फडात सुचला.

आपले काम ज्या पारधी आणि भिल्ल कुटुंबांत आहे, त्यांतली बरीचशी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. पण पुण्या-मुंबईहून आलेल्या हितचिंतकांसाठी थोडक्यात सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर राबून फेडायची असते. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. पहाटे अंधारात ऊस तोडायचा, त्याच्या मोळ्या बांधायच्या आणि गाडी आली की त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. गाडीला एक फळी लावलेली असते. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन बाई त्या फळीवरून वर चढते. दिवस गेलेली बाईसुद्धा चढते.

काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा हे जवळून पाहिले. फळी अरुंद होती, दवाने ओली झालेली होती आणि पाय सरकला तर धरायला काही नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही. परत आल्यावर मी ठरवले की आपण या लोकांना चांगली, भक्कम शिडी द्यायची.

आपल्या एका इंजिनिअर भावांनी मनापासून मदत केली. त्यांनी संगणकावर आराखडा काढला. किती वजनाला किती जाड लोखंड लागेल, कुठे जोड द्यायचा, सगळा हिशेब केला. आम्ही एका रिकाम्या ट्रकची उंची मोजून आणली. तुम्हाला पत्र पाठवले, तुम्ही उदारपणे अर्पण दिले आणि आम्ही वेल्डिंगवाल्याकडून एकदम बारा शिड्या करून घेतल्या. प्रत्येक शिडीवर दात्याच्या नावाची पट्टी लावली. प्रार्थना केली, फोटो काढले आणि शिड्या टोळ्यांबरोबर रवाना केल्या.

महिन्याभराने मी एका फडावर गेले. आमची शिडी बांधावर आडवी पडली होती. तिच्यावर लुगडी वाळत घातली होती, आणि बाया जुन्या फळीवरूनच चढत होत्या.

मला राग आला, हे मी कबूल करते. मनात आले, यांच्यासाठी एवढे केले आणि यांना किंमत नाही. मी मुकादमाला बोलले, बायांनाही बोलले. माझा मान राखायचा म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी शिडी गाडीला लावली. त्याच सकाळी एका बाईचा पाय ओल्या लोखंडावरून सरकला. ती मोळीसकट खाली आली आणि तिचे मनगट मोडले.

बंधुभगिनींनो, शिडी वाकली नव्हती. जोड सुटला नव्हता. इंजिनिअर भावांचा हिशेब अगदी बरोबर होता. पडली ती बाई. पुढे हंगामभर तिला कोयता धरता आला नाही. नवरा एकटा पडला, खाडे पडत गेले आणि त्यांच्या अंगावरची बाकी पुढच्या वर्षावर गेली. दवाखान्याचा खर्च आपण केला. पण तिच्या त्या हंगामाची भरपाई आपण करू शकलो नाही.

तिला भेटायला मी त्यांच्या कोपीवर गेले. ती काही बोलली नाही. तिची सासू मात्र बोलली. म्हणाली, "ताई, तुमची शिडी गाडीला आली, पण मोळीला न्हाई आली. आमाला आधी इचारलं असतं तर सांगितलं असतं."

मग मी तिच्याजवळ बसले आणि विचारले. जे मी आधी करायला हवे होते ते शेवटी केले. मावशींनी एकेक सांगायला सुरुवात केली. शिडी दोघींना उचलत नाही, पुरुष मोकळे होईपर्यंत थांबावे लागते, आणि भरताना ती सारखी हलवावी लागते. लोखंड पहाटे बर्फासारखे गार आणि निसरडे असते. एक पायरी दुसरीपासून फार लांब आहे, साडीत पाय तेवढा वर जात नाही. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे गाडी भरत जाते तसा ऊस वर चढत जातो, शेवटच्या मोळ्या माणसाच्या डोक्यावरच्या उंचीला जातात, आणि तिथपर्यंत ही शिडी पुरतच नाही. आम्ही रिकामा ट्रक मोजला होता. भरत असलेला ट्रक आमच्यापैकी कोणीही मोजला नव्हता.

यातली कोणतीही गोष्ट कळायला मोठे ज्ञान लागत नव्हते. एक शिडी करून एका सकाळी एका टोळीला वापरायला दिली असती, तर दोन तासांत सगळे कळले असते. आम्ही बारा केल्या आणि एकही करून पाहिली नाही.

त्या दिवसांत मला डॉ. पॉल ब्रँड यांची आठवण होत असे. तुमच्यापैकी अनेकांनी त्यांच्याबद्दल वाचले असेल. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात काम करणाऱ्या मिशनरी दांपत्याचा हा मुलगा १९१४ साली तिथेच जन्मला, इंग्लंडमध्ये शल्यवैद्य झाला आणि १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात परत आला. कुष्ठरोगाने बोटे आणि पावले झडतात असे तेव्हा लोक समजत. ब्रँड आणि त्यांचे सहकारी पाहत गेले तेव्हा त्यांना कळले की रोगाने संवेदना जाते, मग खडा टोचला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही, आणि जखमा चिघळून हातपाय जातात. म्हणजे पाय वाचवायचा तर पायताण योग्य हवे. ते कसे असावे, हे कागदावर ठरवता येण्यासारखे नव्हते. त्यांनी वेगवेगळ्या सामग्रीची पायताणे करून पाहिली, रुग्णांना घालायला दिली, पुन्हा बदलली. अखेर सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा तळ उपयोगी ठरला. आज कुष्ठरुग्णांना जी एमसीआर चप्पल मिळते ती याच रबराची.

यात मला एक गोष्ट फार लागली. त्या रुग्णांना चप्पल चावते हे सांगता येत नव्हते, कारण त्यांना दुखतच नव्हते. म्हणून त्यांच्या पायातले काढून, पाय हातात घेऊन, कुठे लाल झाले आहे ते पाहावे लागे. आमच्या बायांना तर सगळे कळत होते आणि सांगताही येत होते. आम्ही विचारले नाही एवढेच.

पुढचा हंगाम सुरू होण्याआधी आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी इंजिनिअर भाऊ, आपल्या मंडळीतले एक सुतार मिस्त्री, मनगट मोडलेली ती बाई, तिची सासू आणि टोळीतल्या आणखी तिघी, असे सगळे आमच्या आवारात जमलो. एक रिकामी ट्रॉली मागून आणली. पहिला नमुना बांबू आणि सुतळीचा केला. तो वापरायचा नव्हताच, फक्त उंची आणि अंतर पाहायचे होते. एका दुपारीत आम्ही पायऱ्या सोडून पुन्हा किती वेळा बांधल्या, मोजले नाही. सुतळी सोडायला पैसे पडत नाहीत.

तेव्हा ऊस हाताशी नव्हता म्हणून मी डोक्यावर घ्यायला वाळूचे पोते दिले. सगळ्या हसायला लागल्या. मावशी म्हणाल्या, "पोतं गप बसतं, मोळी डुलते." खरेच होते. मोळी लांब असते, ती पुढेमागे डुलते. तिचा तोल सांभाळताना मान ताठ ठेवावी लागते, त्यामुळे खाली पाहताच येत नाही. पायरी कुठे आहे हे बाई डोळ्यांनी पाहत नाही, पायाने चाचपते. हे मी इतकी वर्षे पाहत होते आणि मला दिसले नव्हते. मग आम्ही जवळच्या शेतातून दोन मोळ्या ऊस आणला आणि खऱ्या मोळीनेच पुढचे सगळे करून पाहिले. पायऱ्यांमधले अंतर कमी केले आणि सगळीकडे अगदी सारखे ठेवले, म्हणजे पायाला सवय होते.

दुसरा नमुना लाकडाचा झाला. त्याला वर लोखंडी आकडे लावले होते. ट्रॉलीला ते छान बसले. पण ऊस वर चढल्यावर आकडा अडकवायला काही उरत नाही, हे लगेच दिसले. तिसऱ्या नमुन्याला आकडे काढून दोर बांधायची सोय केली आणि पायऱ्यांवर जुन्या टायरचे तुकडे ठोकले. तो ओला करून चढून पाहिला तेव्हा पाय सरकला नाही. पण फडातल्या काळ्या मातीत त्याचे खालचे पाय रुतले. म्हणून चौथ्या नमुन्याला खाली आडवे रुंद लाकूड दिले. आता तो दोन बाया उचलून हलवू शकतात. या चारही नमुन्यांचा मिळून खर्च एका लोखंडी शिडीपेक्षा कमी आला.

इंजिनिअर भाऊ या सगळ्यात माझ्यापेक्षा जास्त रमले. ते म्हणाले, "आराखडा मला सांगतो की लाकूड मोडणार नाही. पण दव पडतं, माती ओली असते, साडी पायात येते, हे आराखड्याला माहीत नसतं." मी त्यांच्या विद्येला कमी लेखत नाही. त्यांच्या हिशेबामुळेच तो नमुना वजनाला टिकला. पण हिशेब आधी, मग एक नमुना, मग वापरणाऱ्याचा हात आणि पाय, मग पुन्हा हिशेब, असा तो रस्ता आहे. आम्ही हिशेबावरून थेट बारावर उडी मारली होती.

आपल्या महाराष्ट्रात हा रस्ता चाललेली माणसे आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल अशी भीती शेतकऱ्यांना वाटत असे. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली, असे सांगतात. अशी भीती समजावून जात नाही. नांगर रानात चाललेला आणि नंतर पीक आलेले डोळ्यांनी दिसावे लागते. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले तिथे वेल्डिंग, सुतारकाम, शेती, बांधकाम हाताने करत शिकतात. २००२ मध्ये त्याच खेड्यात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली, म्हणजे मनातली वस्तू तिथल्या तिथे करून पाहण्याची कार्यशाळा. अमेरिकेबाहेर अशी सोय सर्वात आधी जिथे झाली, त्यांत आपले पाबळ आहे.

आणि २०२२ मधली एक बातमी तुम्हीही पाहिली असेल. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी उसाच्या बैलगाडीला पुढे, जुवाजवळ, आधाराचे एक चाक जोडले. बैलांच्या मानेवरचे ओझे कमी व्हावे म्हणून. त्याचे नाव त्यांनी 'सारथी' ठेवले. चाक लावलेल्या गाडीचा फोटो सगळीकडे फिरला. मी तो फोटो आमच्या बायांना मोबाइलवर दाखवला. त्यांना फार आवडला. मग एक जण म्हणाली, "बैलाचं कुनीतरी पाहिलं. आता आमचं पाहा." ती हसत म्हणाली, पण मी ते विसरले नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी तुमची पुन्हा दिशाभूल करेन. आपल्या शिडीने मोळी हलकी झालेली नाही. उचल संपलेली नाही, खाडा संपलेला नाही. ज्या बाईने विश्रांती घ्यायला हवी ती अजूनही फडात उभी आहे. मजुरीचा, मुलांच्या शाळेचा, बायांच्या आरोग्याचा प्रश्न शिडीने सुटत नाही. त्यासाठी वेगळे काम आहे आणि ते आपण करतोच आहोत. शिडी एवढेच करते की वर चढताना पाय सरकू नये. पण जी बाई पडली तिच्यासाठी तेवढी गोष्टसुद्धा फार मोठी होती.

चौथा नमुना या हंगामात एकाच टोळीबरोबर जाणार आहे. एकच. पहिल्या महिन्यात मी तिथे जाईन आणि काय मोडले, काय नको आहे ते विचारून येईन. कदाचित पाचवा करावा लागेल. म्हणून या वर्षी मी शिड्यांसाठी अर्पण मागत नाही. उद्घाटन नाही, फोटो नाही. मला माहीत आहे, हे तुम्हाला थोडे वेगळे वाटेल.

मात्र तुमच्याकडे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली विनंती. यापुढे आम्ही कोणत्याही वस्तूसाठी तुमच्याकडे आलो, मग ती चूल असो, दप्तर असो की पाण्याची टाकी, तर आम्हाला एक प्रश्न विचारा: एक करून पाहिले का, आणि ज्यांना द्यायचे त्यांनी ते वापरून पाहिले का? उत्तर नाही असे आले तर आम्हाला परत पाठवा. आम्हाला वाईट वाटणार नाही. वाटले तरी चालेल.

दुसरी विनंती. थोडेसे अर्पण अशा नमुन्यांसाठी बाजूला ठेवा जे मोडणार आहेत. त्यांवर कोणाच्या नावाची पट्टी लागणार नाही, कारण ते शेवटी सरपणात जातील. पण त्या मोडलेल्या नमुन्यामुळे एखादे मनगट वाचेल.

तिसरी विनंती पैशांची नाही. आपल्या परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. आपल्या आणि आसपासच्या मंडळ्यांत निवृत्त फिटर आहेत, वेल्डर आहेत, सुतार आहेत, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत. तुमच्या हातात जे आहे ते आमच्या कार्यालयातल्या कोणाच्याही हातात नाही. महिन्यातून एक शनिवार आम्हाला द्या. बायांना तोंडाने सांगता येईल, मिस्त्रींना हाताने करता येईल, आणि मी दोघांच्या मध्ये चहा आणून देईन.

त्या बारा लोखंडी शिड्यांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. काही भंगारात दिल्या आणि ते पैसे त्या कुटुंबाला दिले. दोन शाळेत आहेत. एक आपल्याच चर्चमध्ये आहे. नाताळचा तारा टांगायला तरुण संघाची मुले तीच वापरतात. रिकाम्या ट्रकसाठी मोजलेली शिडी ताऱ्याला बरोबर पुरते. ती पाहिली की माझी मान खाली जाते, आणि ते बरे आहे.

आपला प्रभू नासरेथात सुतार म्हणून ओळखला जात होता. त्याने जोखड केले असेल तर ते बैलाच्या मानेला लावून पाहिल्याशिवाय दिले असेल, असे मला वाटत नाही. आपण त्याच्या नावाने दुसऱ्याच्या डोक्यावर, खांद्यावर, पायाखाली काहीतरी ठेवतो. ते आपल्या मापाचे आहे की त्यांच्या, हे आधी पाहू या. शौलाने प्रेमानेच चिलखत दिले होते. पण दावीदाला चार पावले चालून पाहू दिले आणि त्याने ते काढून ठेवले तेव्हा शौल रागावला, असे शास्त्रात कुठे लिहिलेले नाही. मी रागावले होते. देवाने मला क्षमा करावी, आणि त्या भगिनीनेही.

तिचे मनगट आता बरे आहे. चौथा नमुना ज्या टोळीबरोबर जातो आहे ती तिचीच टोळी आहे. पहिल्या दिवशी पहिली मोळी घेऊन आपण चढणार, असे तिने सांगितले आहे. त्या सकाळी तुमच्या घरच्या प्रार्थनेत तिची आठवण ठेवा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.